अल्ताईरच्या मागे मागे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दोघातिघांनी विचारलं, नागपूरच्या वन्संचा तर फोनच आला, "काय वहिनी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक. न लिहिण्याचं खरं कारण सांगायला जरा लाज वाटते, पण आता सांगूनच टाकते. गेले तीन महिने मी माणसं मारत होते.

काँप्युटरवर हो!

झालं असं की नातू पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा जुना काँप्युटर माझ्या खोलीत मांडून गेला. सोबत तो हातात धरायचा कंट्रोलर. "आजी, त्या मालिका बघून तुला कंटाळा येत नाही का? हा एक गेम बघ. तुझ्या इतिहासाचा आहे, धर्मयुद्धांचा, ११९१ सालचा." मुलं आपल्याला बरोबर ओळखतात. नुसतं 'गेम खेळ' म्हणाला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. ११९१ म्हणाला आणि मी अडकले.

गेमचं नाव 'असॅसिन्स क्रीड'. २००७ साली आलेला, काँप्युटरवर २००८ मध्ये. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका स्टुडिओने केलेला. त्याचे पुढे खूप भाग निघाले, पण हा काँप्युटर म्हातारा झाल्यामुळे त्याला पहिलाच झेपतो. मलाही तोच झेपतो, तेव्हा आमचं जमलं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिसरं धर्मयुद्ध चालू आहे. एकीकडे सलाहुद्दीन, दुसरीकडे इंग्लंडचा राजा रिचर्ड. या दोघांच्या मधोमध सीरियाच्या डोंगरात मस्याफ नावाचा किल्ला आहे (हा किल्ला खरोखर आहे, आजही उभा आहे) आणि तिथे मारेकऱ्यांचा एक पंथ राहतो. आपला नायक अल्ताईर हा त्यातला. पांढरा झगा, डोक्यावर टोपरं, डाव्या हाताची अनामिका कापलेली, कारण त्या बोटाच्या जागेतून मनगटातलं पातं बाहेर येतं. पंथाचे नियम तीन. निरपराध माणसाला मारायचं नाही, गर्दीत मिसळून राहायचं, आणि आपल्या माणसांना धोक्यात घालायचं नाही. हा पठ्ठ्या पहिल्याच प्रसंगात जेरुसलेममध्ये तिन्ही मोडतो. एका म्हाताऱ्याला विनाकारण मारतो. याच्या घमेंडीपायी मलिक नावाच्या सोबत्याचा भाऊ जातो आणि पुढे मलिकचा स्वतःचा हातही जातो. मग पंथाचा प्रमुख याला सगळ्यात खालच्या पायरीवर आणून बसवतो आणि सांगतो, नऊ माणसं मार, म्हणजे तुझी जागा परत मिळेल. थोडक्यात, वर्गातल्या हुशार पण उद्धट मुलाला शेवटच्या बाकावर बसवलं. मला गोष्ट तिथेच पटली.

पहिला आठवडा नुसतं चालायला शिकण्यात गेला. कंट्रोलरचा हिशोब कळसूत्री बाहुलीसारखा आहे. वरचं बटण डोक्याचं, खालचं पायांचं, डावं-उजवं दोन हातांची. शिवाय आणखी एक बटण दाबून धरलं की हा धसमुसळा होतो, पळतो, उड्या मारतो. सोडलं की सभ्य. माझी बोटं सकाळी आखडलेली असतात, त्यामुळे माझा अल्ताईर सकाळी हमखास सभ्य असे.

पण एकदा जमल्यावर जे सुख मिळालं ते काय सांगू! दमास्कसमधली पहिली उंच मिनारी चढले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. खिडकीची चौकट, पुढे आलेला दगड, लाकडी तुळई, असं एकेक पकडत तो चढत राहतो. वर पोचलं की एक गरुड ओरडतो आणि सगळं शहर आपल्याभोवती गोल फिरून दिसतं. गच्च्या, घुमट, खाली मुंग्यांसारखी माणसं. मग तिथून सरळ खाली उडी, गवताच्या गाडीत. ज्या बाईला स्वतःच्या सोसायटीचे दोन जिने चढताना कठड्याला धरून मध्ये थांबावं लागतं, तिने त्या रात्री दमास्कसच्या पाच मिनारी चढल्या. सूनबाई पाणी प्यायला उठली होती. दारातून म्हणाली, "आई, झोपा आता." पंचाहत्तरीत हे वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल.

आणि लपण्याची मजा वेगळीच. मारामारीच्या गेममध्ये मला रस नाही, नातवाचे ते बंदुकांचे खेळ पाहून माझं डोकं दुखतं. इथे तसं नाही. इथे हळू चालावं लागतं. पांढऱ्या झग्यातले चार विद्वान खाली मान घालून निघालेले असतात, त्यांच्यामध्ये जाऊन आपणही मान खाली घालायची, हात जोडल्यासारखे धरायचे आणि पहारेकऱ्याच्या नाकासमोरून आत जायचं. छातीत धडधडतं अक्षरशः. काहीही न करता, नुसतं हळू चालून!

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली चौतीसही वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलं. म्हणजे या खेळात जो पहारेकरी आहे, तो मी. तेव्हा लपणारा माणूस कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. कॉपी करणारा मुलगा कधी इकडेतिकडे बघत नाही. इकडेतिकडे बघणारा बिचारा नुसता घाबरलेला असतो. कॉपी करणारा वर्गातल्या सगळ्यांपेक्षा शहाण्यासारखा बसतो, आणि बाई जवळून गेल्या की त्याचं पेन थांबण्याऐवजी जरा जोरात चालायला लागतं. या गेममधले पहारेकरी त्या मानाने अगदीच भोळे. आपण पळालो तर त्यांना संशय येतो, भिंतीवर चढलो तर ते ओरडतात, पण बाजारात माणूस मेलेला पडलाय आणि दहा पावलांवर कमरेला तलवार लावलेला माणूस बाकावर शांत बसलाय, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. आमच्या शाळेत असा पर्यवेक्षक एक दिवस टिकला नसता.

आता तक्रारी. त्याही भरपूर आहेत, आणि नातवालाही मी त्या सविस्तर ऐकवल्या आहेत.

पहिली म्हणजे तोचतोचपणा. प्रत्येक माणसाला मारण्याआधी त्याची माहिती काढायची. बाकावर बसून दोघांचं बोलणं ऐका, कुणाच्या तरी थैलीतून चिठ्ठी मारा, एखाद्याला गल्लीत गाठून बुकला म्हणजे तो बोलेल. हे पहिल्यांदा छान वाटतं. दुसऱ्यांदाही. पाचव्या माणसाच्या वेळी मी स्वेटर विणायला घेतला असता तरी चाललं असतं. शिवाय ज्याला बुकलून माहिती काढली त्याला शेवटी मारूनच टाकतात. पहिल्या नियमाचं काय झालं, असं मी विचारलं तर नातू म्हणे, "आजी, गेम आहे."

दुसरी तक्रार घोड्याची. इतका सुंदर घोडा, मोकळी दरी, आणि तो जरा दौडवला की वाटेवरचे शिपाई तलवारी उपसून मागे. म्हणजे घोडा द्यायचा आणि चालवायचा बैलगाडीसारखा. तिसरी भिकारणींची. बायका येऊन समोर उभ्या राहतात, पैसे द्या म्हणतात, वाट अडवतात. बरं, आपल्याजवळ पैसे नसतातच, द्यायची सोयच ठेवलेली नाही. ढकललं तर लोक बघतात, थांबलं तर सावज निसटतं. चौथी पाण्याची. इतका उड्या मारणारा हा माणूस, याला पोहता येत नाही! अक्क्याच्या बंदरात सिब्रांड नावाच्या सरदाराला मारायला बोटींवरून उड्या मारत जायचं असतं. माझा अंदाज जरा चुकला की डुबुक, आणि पुन्हा पहिल्यापासून. अठरा वेळा बुडाले. मोजले मी.

झेंड्यांचं तर विचारूच नका. सगळ्या शहरांत आणि वाटांवर मिळून छोटे छोटे झेंडे लपवलेले आहेत, ते गोळा करायचे. एकूण किती? ४२०. गोळा करून काय मिळतं? काही नाही. आपल्या जुन्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं कलम त्या मॉन्ट्रियलच्या मुलांना कुठून माहीत असणार, पण आकडा अगदी अचूक पडला.

आणखी एक. अर्धी गोष्ट रंगात आली की आपल्याला ११९१ मधून उपटून २०१२ मधल्या एका प्रयोगशाळेत आणतात. तिथे डेस्मंड नावाचा एक तरुण यंत्रावर झोपवलेला आहे आणि आपण जे बघतोय ती म्हणे त्याच्या पूर्वजाची आठवण आहे. कल्पना चांगली आहे, पण जेवायला बसलं की वीज जावी तसं वाटतं.

खरी अडचण मात्र भाषेची झाली. माझं सगळं शिक्षण मराठीतून. बीए मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचता येतं, पण शब्दकोशाची काठी टेकत. आणि या गेममध्ये बोलणं खूप, खाली अक्षरं मात्र नाहीत. सबटायटल्स ठेवलेलीच नाहीत. त्यातून तो सीरियातला अल्ताईर अमेरिकन लोकांसारखं बोलतो. मी निम्म्या वेळा हावभावांवरून गोष्ट लावत होते. शेवटी नातवाने सगळ्या संवादांचा मजकूर शोधून पाठवला. तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसले.

आणि तिथून गेम बदलला. म्हणजे माझ्यापुरता.

ज्याला मारायचं तो मेल्यावर लगेच मरत नाही. सगळं आजूबाजूचं विरून जातं आणि तो माणूस अल्ताईरच्या मांडीवर पडून बोलतो. आपण जे केलं ते का केलं, ते सांगतो. आणि यातला जवळजवळ कुणीही 'मी दुष्ट होतो' असं म्हणत नाही. आधी मला वाटलं, असतील काहीतरी सबबी. मजकूर वाचल्यावर कळलं की काहींचं म्हणणं सहज खोडून काढता येत नाही.

सातव्या-आठव्या माणसाच्या सुमाराला दमास्कसमध्ये एक जुबैर नावाचा पंडित येतो. हा विद्वानांचा प्रमुख, आणि शहरातली पुस्तकं जाळत सुटलाय. चौकात ढीग करून जाळतो. पुस्तकं जाळणारा माणूस म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण उभी राहिली. याला मारताना मला काडीचं वाईट वाटणार नव्हतं. याच्यासारखे कपडे घातलेले याचे चेले शहरभर विखुरलेले असतात, त्यांतला खरा शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शोधला. मारला. आणि मग तो मांडीवर पडून वाद घालायला लागला. त्याचं म्हणणं असं की पुस्तकांनीच लोकांची डोकी फिरवली आहेत. अल्ताईर म्हणतो, मग लोकांना शिकवा, चांगलं-वाईट समजावून सांगा, जबरदस्ती कशाला? (मी इकडे मान डोलावतेय.) त्यावर जुबैर म्हणतो, ते शिकत नाहीत. आणि पुढे विचारतो, मीही तर एक पुस्तकच नाही का, तुला न पटणारं? मग मला का मारलंस?

मी कंट्रोलर खाली ठेवला. त्या रात्री पुढे खेळले नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला फोन केला आणि विचारलं, की हे मारेकरी लोक खरे कोण होते? मला माहीत असलेली गोष्ट मी त्याला सांगितली. ती गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले आहे. डोंगरातला म्हातारा, त्याची स्वर्गासारखी बाग, तरुणांना गांजा म्हणजे हशीश पाजून बागेत ठेवायचं, मग बाहेर काढून सांगायचं की अमक्याला मार म्हणजे परत स्वर्गात जाशील. म्हणून हशीशी, आणि त्यावरून इंग्रजी शब्द 'असॅसिन'. कुठल्याशा दिवाळी अंकात वाचली होती. नववीला मध्ययुगाच्या धड्यात धर्मयुद्धं आली की मी ही हमखास सांगायची. पुस्तकात नव्हती, पण दुपारच्या तासाला वर्ग जागा ठेवायला अशी गोष्ट लागते. शिकवणारे सगळे हे जाणतात.

नातू म्हणाला, "आजी, मला नक्की माहीत नाही. पुस्तक पाठवतो." आणि त्याने फरहाद दफ्तरी यांचं 'द असॅसिन लेजेंड्स' पाठवलं, १९९४ सालचं. शब्दकोश घेऊन महिनाभर वाचत होते. (न लिहिण्याचं हेही एक कारण.)

ते लोक म्हणजे निझारी इस्माइली. शिया मुसलमानांमधला एक पंथ. १०९० मध्ये हसन सब्बाहने इराणातला अलमूतचा किल्ला घेतला आणि तिथून, आणि पुढे सीरियातूनही, त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या सत्तांशी टक्कर दिली. मोठं सैन्य नव्हतं, म्हणून ते निवडक माणसांना मारत, हे खरं आहे. १०९२ मध्ये निझाम-उल-मुल्क या वजिराचा खून त्यांच्याच नावावर आहे, आणि ११९२ मध्ये टायर शहरात कॉनरॅड ऑफ मॉन्टफेराटला त्यांच्याच दोघांनी मारलं. सलाहुद्दीनवरही दोनदा हल्ला झाला होता. पण बाग आणि गांजा? दफ्तरी सांगतात की त्यांच्या कट्टर विरोधकांनी, त्या काळच्या मुसलमान इतिहासकारांनीसुद्धा, असं काही लिहिलेलं नाही. 'हशीशी' ही शिवी होती, हलकट लोक अशा अर्थाची. युरोपातून आलेल्या लोकांनी ती शिवी ऐकली, तिचा शब्दशः अर्थ लावला आणि त्यावर गोष्ट रचत गेले. बागेची गोष्ट सगळीकडे पोचवली ती मार्को पोलोने, आणि तो इराणातून गेला तेव्हा मंगोलांनी अलमूत पाडून पंधरा-एक वर्षं होऊन गेली होती.

अलमूतमध्ये मोठं ग्रंथालय होतं. नसीरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ तिथे राहून काम करत होता. १२५६ मध्ये हुलागूने किल्ला घेतला तेव्हा त्याच्या पदरचा इतिहासकार जुवैनी ते ग्रंथालय बघायला गेला. कुराणाच्या प्रती, काही निवडक पुस्तकं आणि आकाश बघायची उपकरणं त्याने बाहेर काढली. बाकी पंथाची पुस्तकं जाळली. आणि नंतर त्यानेच त्या पंथाचा इतिहास लिहिला.

हे वाचताना मला तो गेममधला जुबैर आठवला, हे सांगायला नकोच.

आता पुढचं सांगते. अलमूत पडल्यावर ते लोक संपले असं पुष्कळांना वाटलं. संपले नव्हते. कधी सूफी म्हणून, कधी व्यापारी म्हणून, आजूबाजूच्यांसारखे होऊन राहिले. १८४०च्या दशकात त्यांचे इमाम, पहिले आगाखान, इराणातून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थायिक झाले. १८६६ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात खोजा जमातीचा मोठा खटला झाला, त्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजा हे इस्माइली आहेत असा निकाल देताना अलमूतपासूनचा इतिहास मांडला. माझगावला हसनाबादमध्ये पहिल्या आगाखानांची कबर आहे. आणि आमच्या पुण्यात नगर रस्त्यावर १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला राजवाडा आहे, जिथे गांधीजींना ठेवलं होतं आणि जिथे १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या.

त्या आगाखान पॅलेसमध्ये मी दरवर्षी सहल नेत असे. समाधीसमोर मुलांना उभं करून कस्तुरबांची हकिगत सांगत असे. आणि त्याच वर्षी, त्याच मुलांना, वर्गात गांजाची गोष्ट. घराचा मालक आणि गोष्टीतला म्हातारा यांचं काही नातं आहे हे मला चौतीस वर्षांत एकदाही समजलं नाही. इतिहासाची शिक्षिका मी!

पुस्तक मिटल्यावर मला एक मुलगा आठवला. १९८७ची नववीची तुकडी. तिसऱ्या बाकावर बसायचा. घरचे लष्कर भागातले, आगाखानी खोजा. मला ते माहीत होतं, कारण त्यांच्या सणाला तो एकदा डबाभर मिठाई घेऊन आला होता. इतिहासात हुशार, सतत हात वर. ती गोष्ट सांगितली त्या दिवशी सगळा वर्ग खिदळत होता आणि हा वहीत बघत होता. एवढंच. बाकी काही नाही. मी तेव्हा काही विचारलं नाही, विचार करण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. कोण लपतंय ते मला लगेच कळतं असं वर मी मोठ्या ऐटीत लिहिलंय. ते वाक्य काढणार होते, पण राहू दे.

तीन-चार दिवस तसेच गेले. गेममध्ये तोवर मी शेवटच्या माणसापर्यंत आले होते. जेरुसलेमला मलिक भेटतो, तोच ज्याचा भाऊ आणि हात गेला. आतापर्यंत दर वेळी तो अल्ताईरला टोचून बोलत असतो. या वेळी अल्ताईर त्याची माफी मागतो. मलिक म्हणतो, मी तुझी माफी स्वीकारत नाही. मला वाटलं, बरोबरच आहे. पण तो पुढे म्हणतो, कारण माझ्याबरोबर त्या दिवशी होता तो माणूस तू राहिलेला नाहीस, तेव्हा माफी मागायचं तुला कारणच नाही. हे मी छापील कागदावर वाचलं, मग पडद्यावर पाहिलं. छान लिहिलंय. पण मला ते फार सोपं वाटलं. माझ्यापुरतं बोलायचं तर मी तीच आहे. तेव्हाही गोष्ट रंगवून सांगत होते, आताही सांगते.

त्या तुकडीचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात मला 'बाई' म्हणून घेतलंय. तिथून नंबर मिळाला. तो आता मुंबईला असतो, पन्नाशी उलटली. रविवारी सकाळी फोन केला. आधी तब्येत, मुलंबाळं झालं. मग मी सांगितलं, की बाबा रे, १९८७ साली मी वर्गात एक गोष्ट सांगितली होती, ती खोटी होती. मला आता कळलं. तुला सांगायचं राहिलं होतं.

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "आठवतंय, बाई. मी घरी जाऊन आजोबांना विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाईंनी जे पुस्तकात वाचलं ते सांगितलं असेल. तू उलट बोलू नकोस. बाई चांगल्या आहेत."

मी काही बोलले नाही. मग तो हसून म्हणाला, "आणि बाई, चाचणीत तुम्ही त्यावर टीप विचारली होती. मी तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. बाग, हशीश, सगळं. चारपैकी चार दिले होते तुम्ही."

चारपैकी चार मी सहसा कुणाला देत नसे.

काय बोलावं ते सुचेना. "अरे..." एवढंच म्हटलं. त्यालाच माझी कीव आली असावी, कारण त्याने विषय बदलला. हे सगळं तुम्हाला आता कसं कळलं, म्हणून विचारलं. मी गेमचं सांगितलं. पलीकडे पूर्ण शांतता, आणि मग असा हसत सुटला की घरातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं त्याने. त्याचा मुलगा या गेमचे नवे भाग खेळतो म्हणे. मी विचारलं, की तुम्हाला हे आवडतं का, तुमच्याच लोकांना मारेकरी म्हणून दाखवलेलं? तो म्हणाला, "बाई, आमच्या घरात यावर तीन मतं आहेत. मला आवडत नाही, बायकोला फरक पडत नाही, आणि मुलाला अभिमान वाटतो. पहिल्यांदाच आपले लोक हिरो आहेत, म्हणतो." आणि गेमच्या सुरुवातीला एक सूचना येते, की ही कल्पित कलाकृती वेगवेगळ्या धर्मांच्या आणि श्रद्धांच्या लोकांनी मिळून केली आहे, ती त्याला आवडते म्हणाला. मी आपली ती दर वेळी बटण दाबून पुढे ढकलत असे.

"कुठपर्यंत आलात?" त्याने विचारलं.

अर्सूफला अडकलेय, म्हटलं. ११९१च्या सप्टेंबरात जिथे रिचर्डने सलाहुद्दीनला हरवलं ते अर्सूफ. आणि ही माझी शेवटची आणि सगळ्यात मोठी तक्रार. सगळा गेम लपायला शिकवतात आणि शेवटी मोकळ्या रानात उभं करतात. ना गवत, ना विद्वान, ना गर्दी. समोर तलवारी घेतलेले डझनभर लोक एकदम अंगावर. लपायला जागाच नाही. माझी बोटं काही इतकी भराभर चालत नाहीत. आठवडाभर रोज मरतेय. आणि यातून सुटले तरी पुढे मस्याफ आहेच. तिथला प्रमुख, अल मुअलिम, शेवटी काय निघतो ते नातवाने आधीच फोडून टाकलंय. "आजी, सरच खराब असतात." अल मुअलिमचा अर्थच 'शिक्षक'. आता यावर मी काय बोलू?

संध्याकाळी त्या मुलाच्या मुलाचा आवाजातला निरोप आला. मला 'दादी' म्हणतो. हिंदी-मराठी मिसळून, खूप समजावून सांगितलंय. आपण होऊन वार करायचा नाही. बचावाचं बटण धरून ठेवायचं, अजिबात सोडायचं नाही, आणि त्यांच्यापैकी एकाने तलवार उचलली की त्याच क्षणी दुसरं बटण. ते एकेक करूनच येतात, दादी, सगळे एकदम कधीच येत नाहीत, घाबरू नका.

निरोप चार वेळा ऐकला. आज जेवण लवकर आटोपून बसणार आहे.